२^१२७ − १ ही मूळ संख्या: सिद्धता एका शेजाऱ्यामुळे, धोका दुसऱ्या शेजाऱ्यामुळे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २^१२७ − १ ही संख्या मूळ आहे हे फ्रेंच गणिती एदुआर ल्यूका यांनी १८७६ मध्ये, म्हणजे संगणकाच्या कितीतरी आधी, दाखवून दिले असे तुम्ही वाचले. एवढ्या मोठ्या संख्येला एकेका मूळ संख्येने भागून पाहणे माणसाच्या आवाक्यातले नाही, मग त्यांनी ते केले कसे, हा पहिला भाग. दुसरा भाग असा की तुम्ही स्वतः प्रोग्रॅम लिहून, या संख्येला न म्हणून, २ चा (न − १) वा घात घेतला, त्याला न ने भागले, बाकी १ आली, आणि हा पुरावा पुरेसा आहे का हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. तिसरा भाग असा की कॉलेजच्या प्रकल्पात दोन मोबाइलमध्ये गुप्त की (किल्ली) ठरवण्यासाठी डिफी-हेलमन पद्धतीत हीच संख्या वापरली तर चालेल का.

वरवर पाहता हे तीन वेगळे प्रश्न आहेत. माझ्या मते त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. एखादी मोठी संख्या मूळ आहे एवढे कळल्याने तिच्याविषयी नेमके किती कळते? सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमधले गणित तपासणे हे माझे रोजचे काम आहे. त्यात एखादी मूळ संख्या समोर आली की ती खरोखर मूळ आहे का हे मी जितक्या काळजीने पाहते, तितक्याच काळजीने तिच्या दोन्ही बाजूंच्या संख्यांचे, म्हणजे तिच्याहून एकने लहान आणि एकने मोठ्या संख्येचे, अवयव पाहते. तुमच्या संख्येच्या बाबतीत सिद्धता सोपी झाली ती एका शेजाऱ्यामुळे आणि प्रकल्पातला धोका निर्माण झाला तो दुसऱ्या शेजाऱ्यामुळे.

आधी संख्येची ओळख. ती ३९ अंकी आहे आणि पूर्ण लिहिली तर १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ अशी दिसते. पुढे मी तिला नुसते म म्हणते. बायनरीत म म्हणजे ओळीने १२७ वेळा १. १२८ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्याही हीच, त्यामुळे प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांच्या नजरेखालून ती अनेकदा जाते. दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. त्या मूळ असण्यासाठी घातांक मूळ असावा लागतो, कारण घातांकाचे अवयव पडले की संख्येचेही पडतात. उलट मात्र खरे नाही: ११ ही मूळ संख्या आहे, पण २^११ − १ म्हणजे २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी दिली होती. त्या यादीत ६७ आणि २५७ हे चुकीचे होते, ६१, ८९ आणि १०७ सुटले होते, पण १२७ बरोबर होता. मर्सेन यांच्याकडे त्याची सिद्धता नव्हती.

आता भागून पाहण्याचा मार्ग किती लांब आहे ते पाहू, कारण इथे एक सुंदर गोष्ट आहे. म चा कोणताही मूळ अवयव असेल तर तो २५४क + १ (क म्हणजे कोणताही पूर्णांक) या रूपाचाच असावा लागतो, आणि त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च यावी लागते. या दोन अटींनी बहुतेक सगळ्या संख्या आपोआप बाद होतात. उरलेल्यांची सुरुवात अशी आहे: २५५, १०१७, १२७१, २०३३, २२८७. यातली २५५ ला ५ ने भाग जातो, १०१७ ला ९ ने, १२७१ म्हणजे ३१ गुणिले ४१, २०३३ म्हणजे १९ गुणिले १०७. म्हणजे ज्या पहिल्या मूळ संख्येने म ला भागून पाहण्यात अर्थ आहे ती थेट २२८७. ३, ५, ७ पासून २२८१ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भागून पाहायची गरज नाही.

एवढी चाळणी लावूनही काम आवाक्यात येत नाही. म चे वर्गमूळ साधारण १.३ गुणिले १०^१९ आहे, आणि तिथपर्यंत या दोन्ही अटी पाळणारे सुमारे २.५ गुणिले १०^१६ उमेदवार उरतात. दर सेकंदाला एक भागाकार केला तरी ८० कोटी वर्षे लागतील. आजच्या यंत्राने सेकंदाला १०० कोटी भागाकार केले तर दहा महिन्यांच्या आसपास काम उरकेल, पण १८७६ मध्ये तो विचारही करता येत नव्हता. म्हणून तुमची शंका रास्त आहे: ल्यूका यांनी भागून पाहिलेच नाही.

त्यांच्या पद्धतीकडे जाण्याआधी तुमच्या प्रोग्रॅमचा प्रश्न निकालात काढू, कारण तिथे एक सापळा आहे आणि तो नेमका मर्सेन संख्यांपाशीच लावलेला आहे. फर्माच्या प्रमेयानुसार न मूळ असेल तर २ च्या (न − १) व्या घाताला न ने भागल्यावर बाकी १ उरते. तुम्ही याचीच उलट बाजू वापरलीत. पण म च्या बाक्यांच्या हिशेबात २^१२७ म्हणजे म + १, म्हणजेच १. म्हणून २ चा जो घातांक १२७ ने भागला जातो, त्या प्रत्येक घाताची बाकी १ येणारच. म − १ म्हणजे २^१२७ − २, आणि १२७ मूळ असल्याने फर्माच्याच प्रमेयानुसार तिला १२७ ने भाग जातो. म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमने १२७ विषयी जे आधीच माहीत होते तेच परत सांगितले. म विषयी काहीच सांगितले नाही. हीच चाचणी २०४७ वर चालवून पाहा: २०४६ म्हणजे ११ गुणिले १८६, त्यामुळे तिथेही बाकी १ च येते, आणि २०४७ तर संयुक्त आहे. घातांक मूळ असलेली प्रत्येक मर्सेन संख्या, मग ती मूळ असो वा संयुक्त, पाया २ असलेली ही चाचणी उत्तीर्ण होते.

पाया बदलून ३ घ्या, म्हणजे चित्र बदलते. ३ च्या २०४६ व्या घाताला ८९ ने भागले तर बाकी ३४ येते, १ येत नाही, आणि २०४७ चे पितळ उघडे पडते. तरीही बाकी १ आल्यास संख्या ‘बहुधा मूळ’ एवढेच म्हणता येते. हा फरक कागदी नाही. आज ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या २^१३६२७९८४१ − १ ही आहे. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. मर्सेन मूळ संख्यांचा शोध घेणाऱ्या ‘गिम्प्स’ या स्वयंसेवी प्रकल्पात ल्यूक ड्युरँट यांनी ती शोधली. ११ ऑक्टोबर २०२४ ला ती ‘बहुधा मूळ’ असल्याचा निकाल आला, आणि दुसऱ्या दिवशी, १२ ऑक्टोबरला, दुसऱ्या यंत्रावर वेगळ्या चाचणीने ती निश्चित मूळ ठरली. ती वेगळी चाचणी म्हणजे ल्यूका यांच्याच कल्पनेतून आलेली चाचणी.

ती करायला अगदी सोपी आहे. ४ पासून सुरुवात करा. दर पायरीला वर्ग करा, २ वजा करा आणि म ने भागून फक्त बाकी ठेवा. घातांक १२७ असेल तर अशा १२५ पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली तरच संख्या मूळ, नाही तर संयुक्त. छोट्या संख्येवर हाताने करून पाहिल्याशिवाय यावर विश्वास बसत नाही, म्हणून २^७ − १, म्हणजे १२७, घेऊ. घातांक ७, म्हणून पायऱ्या ५. मालिका अशी येते: ४, १४, ६७, ४२, १११, ०. पाचव्या पायरीला शून्य, म्हणून १२७ मूळ. आता २०४७ साठी नऊ पायऱ्या करा: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य नाही, म्हणून २०४७ संयुक्त. २३ किंवा ८९ यांचे नावही न घेता हे कळले.

यात भागाकाराचेही कष्ट नाहीत. १२७ ने भागायचे तर १२८ ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज केली की पुरते. वरच्या मालिकेत ६७ चा वर्ग करून २ वजा केले की ४४८७ येतात. ते म्हणजे ३५ गुणिले १२८ अधिक ७. ३५ आणि ७ मिळून ४२. शेवटच्या पायरीला १११ पासून १२३१९ येतात. ते म्हणजे ९६ गुणिले १२८ अधिक ३१. ९६ आणि ३१ मिळून १२७, म्हणजेच शून्य. बायनरीत १२८ ने भागणे म्हणजे वरचे बिट वेगळे काढणे. म साठीही तसेच: गुणाकारातले खालचे १२७ बिट ठेवायचे, वरचे बिट खाली आणून त्यांत मिळवायचे. ल्यूका यांनी ही आकडेमोड बायनरीत, १२७ ओळी आणि १२७ स्तंभांच्या बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटीवर मांडण्याची युक्ती सांगितली होती. सव्वाशे वर्ग, प्रत्येक ३९ अंकांपर्यंतचा: काम कंटाळवाणे आणि चुकांना जागा देणारे आहे, पण माणसाला अशक्य नाही.

हे का चालते, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही. ४, १४, १९४ ही मालिका प्रत्यक्षात २ + √३ या संख्येच्या घातांतून येते. २ + √३ आणि २ − √३ यांची बेरीज ४ आणि गुणाकार १. दोघांचे वर्ग करून बेरीज केली की १४ येतात, पुन्हा वर्ग करून बेरीज केली की १९४. वर्ग करून २ वजा करण्याची प्रत्येक पायरी म्हणजे घातांक दुप्पट करणे होय. १२५ व्या पायरीला बाकी शून्य आली, तर म च्या बाक्यांच्या हिशेबात २ + √३ चा २^१२६ वा घात −१ होतो आणि २^१२७ वा घात १ होतो. म्हणजेच या संख्येचे घात फिरून १ वर यायला नेमक्या २^१२७ पायऱ्या लागतात, त्याआधी ते १ वर येत नाहीत.

आता समजा म संयुक्त आहे, आणि तिचा सर्वांत लहान मूळ अवयव प आहे. मग प चा वर्ग म पेक्षा मोठा असू शकत नाही. प च्या बाक्यांमध्ये अ + ब√३ या रूपाच्या संख्या फार तर प गुणिले प इतक्या, म्हणजे २^१२७ पेक्षा कमीच. पण वर दाखवल्याप्रमाणे त्यांच्यात २^१२७ वेगवेगळे घात मावायला हवेत. तेवढी जागाच नाही, म्हणून म संयुक्त असणे अशक्य आहे. एवढीच सिद्धता. तिची उलट बाजू, म्हणजे म मूळ असेल तर शून्य येणारच, हीसुद्धा सिद्ध करता येते. त्यासाठी म च्या बाक्यांमध्ये २ ला वर्गमूळ आहे आणि ३ ला नाही या दोन गोष्टी लागतात.

२ चे वर्गमूळ तर तुम्हाला लगेच दाखवता येईल. २^६४ चा वर्ग २^१२८, आणि २^१२७ ची बाकी १ असल्याने २^१२८ ची बाकी २. म्हणजे म च्या बाक्यांत १८४४६७४४०७३७०९५५१६१६ हे २ चे वर्गमूळ आहे. शेवटच्या पायरीला शून्य यायचे तर आधीच्या पायरीवरच्या संख्येचा वर्ग २ असायला हवा, त्यामुळे तुम्ही स्वतः चाचणी चालवली की १२४ व्या पायरीला ही संख्या किंवा म मधून ती वजा करून येणारी संख्या, या दोहोंपैकी एकच दिसेल. १२७ च्या उदाहरणात तिथे १११ होते, म्हणजे १२७ − १६, आणि १६ चा वर्ग २५६, बाकी २. प्रोग्रॅम बरोबर लिहिला आहे का हे ओळखायची ही उत्तम खूण आहे; १२४ व्या पायरीला तिसरेच काही दिसले तर चूक प्रोग्रॅममध्ये शोधा.

इतिहासाच्या दृष्टीने एक दुरुस्ती करायला हवी. ४ पासून सुरू होणारी आणि सर्व विषम मूळ घातांकांना लागू पडणारी नेटकी चाचणी डी. एच. लेमर यांनी १९३० मध्ये दिली, म्हणून तिला ल्यूका-लेमर चाचणी म्हणतात. स्वतः ल्यूका फिबोनाची संख्यांच्या वाटेने गेले होते. ज्या मूळ संख्येच्या एककस्थानी ३ किंवा ७ असतो, ती आपल्याहून एकने मोठ्या क्रमांकाच्या फिबोनाची संख्येला भागते. उदाहरणार्थ आठवी फिबोनाची संख्या २१, तिला ७ ने भाग जातो. म च्या एककस्थानी ७ आहे, आणि म + १ म्हणजे दोनचा शुद्ध घात. म्हणून त्यांची मालिका ३, ७, ४७ अशी सुरू होते आणि नियम तोच, वर्ग करून २ वजा. घातांकाला ४ ने भागून बाकी ३ उरत असेल तर ती मालिकाही चालते. १२७ वर तपासा: ३, ७, ४७, ४८, १६, ०.

या पद्धतीची एक खासियत लोकांना पचायला जड जाते. संख्या संयुक्त आहे हे ती ठामपणे सांगते, पण अवयव सांगत नाही. त्याच १८७६ मध्ये ल्यूका यांनी २^६७ − १ ही संख्या संयुक्त असल्याचे दाखवले. तिचे अवयव, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७, फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये मांडले. म मात्र ७५ वर्षे सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली. १९५१ मध्ये फेरिए यांनी यांत्रिक गणकयंत्रावर ४४ अंकी मूळ संख्या सिद्ध केली, आणि त्याच वर्षी केंब्रिजच्या एड्सॅक संगणकावर मिलर आणि व्हीलर यांनी १८० गुणिले म चा वर्ग अधिक १ ही ७९ अंकी मूळ संख्या मिळवली.

या शेवटच्या उदाहरणापाशी जरा थांबावेसे वाटते, कारण माझा मुद्दा त्यात स्पष्ट दिसतो. मिलर आणि व्हीलर यांची संख्या एकने कमी केली तर १८० गुणिले म चा वर्ग उरतो, आणि म मूळ असल्याने त्याचे सगळे अवयव हातात असतात. संख्येच्या खालच्या शेजाऱ्याचे पुरेसे अवयव माहीत असले तर ती मूळ आहे हे तडीला नेण्याचा मार्ग आहे. वरच्या शेजाऱ्याचे माहीत असले तर ल्यूका यांचा मार्ग आहे. मर्सेन संख्यांचा वरचा शेजारी दोनचा शुद्ध घात असतो, त्याचे अवयव पाडायला काहीच लागत नाही. म्हणूनच सर्वांत मोठ्या मूळ संख्यांच्या यादीत मर्सेन संख्या इतक्या वर दिसतात. कोणतीही वाटेल ती मोठी संख्या घेतली आणि तिच्या दोन्ही शेजाऱ्यांचे अवयव पडत नसले, तर वेगळी साधने लागतात. व्यवहारात आम्ही मिलर-रेबिन चाचणी, म्हणजे फर्माच्या चाचणीची अधिक कडक आवृत्ती, वेगवेगळ्या पायांनी चालवतो, आणि कागदोपत्री सिद्धता हवी असेल तेव्हा लंबवर्तुळी वक्रांवर, म्हणजे एका विशिष्ट प्रकारच्या घन समीकरणांनी बनणाऱ्या वक्रांवर, आधारलेली पद्धत वापरतो. कोणत्याही संख्येसाठी खात्रीशीर आणि तत्त्वतः वेगवान पद्धत असते हे आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये सिद्ध केले. ते मोलाचे काम आहे, पण रोजच्या वापरात आधीच्या पद्धतीच वेगवान ठरतात.

आतापर्यंतचे थोडक्यात: म मूळ आहे हे निर्विवाद आहे, ते कळते म + १ मुळे, आणि तुमच्या चाचणीने ते सिद्ध होत नाही. आता प्रकल्पाकडे येऊ.

डिफी-हेलमन पद्धतीत दोघे जण एक मूळ संख्या आणि एक पाया उघडपणे ठरवतात, प्रत्येक जण आपला गुप्त घातांक निवडतो आणि पायाचा तेवढा घात, म ने भागून आलेली बाकी, दुसऱ्याला पाठवतो. बाकीवरून गुप्त घातांक शोधणे अवघड असते, यावर सगळी सुरक्षा उभी आहे. ते किती अवघड आहे हे म च्या आकारावर तर अवलंबून असतेच, पण म − १ च्या अवयवांवरही असते. मोठ्या शिफारशीच्या संख्यांबरोबर पाया २ सर्रास घेतात, आणि तुम्हीही तो घेणार असाल तर म बरोबर तो तर मुळीच चालणार नाही: २^१२७ ची बाकी १ असल्याने २ च्या घातांच्या वेगवेगळ्या बाक्या एकूण १२७ च आहेत, आणि त्या सगळ्या दोनचे साधे घात आहेत. पाठवलेल्या संख्येत कितवा बिट १ आहे एवढे पाहिले की गुप्त घातांकाची १२७ ने भागून येणारी बाकी कळते, आणि की काढायला तेवढी पुरते.

पाया बदलला तरी सुटका नाही. म − १ चे पूर्ण अवयव असे आहेत: २, ३ चा घन, ७ चा वर्ग, १९, ४३, ७३, १२७, ३३७, ५४१९, ९२७३७, ६४९६५७ आणि ७७१५८६७३९२९. पोलिग आणि हेलमन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत गुप्त घातांक एकदम शोधत नाही. यांतल्या प्रत्येक अवयवाने भागल्यावर त्याची बाकी काय येईल ते वेगवेगळे शोधते आणि मग सगळ्या बाक्या चिनी शेषफल प्रमेयाने जोडते. प्रत्येक अवयवासाठी लागणारे काम त्याच्या वर्गमुळाएवढे. सर्वांत मोठा अवयव ७७१५ कोटींच्या घरातला आहे, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे २ लाख ७८ हजार. म्हणजे ३९ अंकी संख्येच्या आड दडवलेले गुपित लॅपटॉपवर काही लाख पायऱ्यांत उघडे पडते. कुलूप एक दिसत असले तरी प्रत्यक्षात ती छोट्या कुलपांची साखळी आहे, आणि ती एकेक करून उघडता येतात.

म − १ चे अवयव चांगले असते तरी १२७ बिट आज अपुरेच ठरले असते. २०१९ मध्ये संशोधकांनी ७९५ बिटांच्या मूळ संख्येसाठीही हे गणित सोडवून दाखवले आहे, आणि ती संख्या पोलिग-हेलमन पद्धतीने हाती येणारी नव्हती. म्हणून डिफी-हेलमनसाठी म नको, हे माझे स्पष्ट उत्तर आहे.

याचा अर्थ म निरुपयोगी आहे असा अजिबात नाही; वापर कोणता यावर सगळे अवलंबून आहे. जिथे म − १ शी काही देणेघेणे नाही आणि बेरीज-गुणाकार वेगाने करणारे, मूळ संख्येच्या बाक्यांचे क्षेत्र हवे आहे, तिथे म अत्यंत चांगली आहे, कारण तिने भागणे म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे नुसती बेरीज. शमिर पद्धतीने एखादे गुपित अनेकांत वाटायचे असेल आणि ते गुपित १२६ बिटांत मावत असेल तर मी ती निःशंकपणे वापरू देईन. संदेशात फेरफार झाली आहे का हे ओळखणाऱ्या बहुपदी हॅशसाठी ती वापरली गेली आहे. लंबवर्तुळी वक्रांतही ती आहे: मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या कोस्टेलो आणि लोंगा यांनी २०१५ मध्ये मांडलेला ‘फोर-क्यू’ वक्र म वरूनच बांधलेल्या क्षेत्रावर आहे. तिथे ज्या गटात हिशेब चालतो त्याचा आकार (एकूण घटकांची संख्या) म − १ नसतो, तो वक्राने ठरतो आणि त्यात एक मोठा मूळ अवयव असेल याची काळजी घेतलेली असते. म्हणून जो दोष डिफी-हेलमनमध्ये घातक, तो तिथे उद्भवतच नाही. म ची मोठी बहीण २^५२१ − १ अशाच कारणांसाठी अमेरिकेच्या मानक वक्रांपैकी एकात वापरलेली आहे.

प्रकल्पात डिफी-हेलमनच दाखवायचे असेल तर आरएफसी ३५२६ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजातली २०४८ बिटांची मूळ संख्या घ्या. ती अशी निवडलेली आहे की तिच्यातून १ वजा करून निम्मे केले तर उरते तीही मूळ संख्याच. म्हणजे छोट्या कुलपांची साखळी करायला जागाच नाही. तिचे मधले बिट π च्या बिटांवरून घेतले आहेत, त्यामुळे कोणी मुद्दाम कमकुवत संख्या पुढे सरकवली असेल अशी शंकाही राहत नाही. ती संख्या स्वतः टंकू नका, चांगल्या लायब्ररीतून घ्या, आणि समोरून आलेली बाकी ०, १ किंवा संख्येहून एकने कमी नाही हे तपासा. नव्याने बांधताना मी स्वतः तर लंबवर्तुळी वक्रावरची पद्धत सुचवेन, पण गणित समजावून सांगण्यासाठी साधी डिफी-हेलमन अधिक बरी.

आणि म ला प्रकल्पातून काढून टाकू नका. अहवालात तिच्यासाठी एक प्रकरण ठेवा: आधी ल्यूका-लेमर चाचणी चालवून १२४ व्या पायरीची संख्या छापा, मग पाया ३ घेऊन एक गुप्त घातांक निवडा, वर दिलेल्या अवयवांनी पोलिग-हेलमन हल्ला लिहा आणि मिळालेल्या घातांकाने ३ चा घात काढून तो पाठवलेल्या बाकीशी जुळतो का ते दाखवा. ७७१५८६७३९२९ या अवयवासाठी २ लाख ७८ हजार नोंदींचा तक्ता लागेल. तो साध्या हॅश टेबलमध्ये ठेवला तर मोबाइलच्या मेमरीतही मावतो. ३ चा क्रम, म्हणजे ज्या सर्वांत लहान घातांकाला ३ च्या घाताची बाकी १ येते तो, म − १ पेक्षा लहान निघाला तर घातांक जसाच्या तसा न मिळता त्या क्रमाने भागून आलेली बाकी मिळेल. की काढायला तेवढी पुरते, म्हणून तुलना घातांकांची न करता घातांची करा.